सरळ फिरतं, म्हणून सुरक्षित?

कार्बनचं चाक खड्ड्यात आदळलं की त्याची परीक्षा आपल्याकडे तीन टप्प्यांत उरकते. सायकल उलटी करून चाक गरगर फिरवायचं आणि ते डुलत नाही ना, हे पाहायचं. मग नाण्याने रिम वाजवायची. शेवटी नख फिरवून ‘तडा वरच्या चकाकीतच आहे’ असं ठरवायचं. तिन्ही टप्पे पार पडले की निकाल लागतो: काही झालेलं नाही, चालव. सायकलस्वारांच्या गटांत, जुन्या चाकांच्या खरेदी-विक्रीत आणि हात मुरलेल्या मेकॅनिकच्या तोंडीही हाच निकाल ऐकू येतो. या मताला अनुभवाचं पाठबळ आहे. पण तो अनुभव धातूच्या रिमांवर कमावलेला आहे, आणि कार्बनला तो जसाच्या तसा लावणं धोक्याचं आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला जबर मार बसला की ती वाकते. चाकाला आउट येतो, ब्रेक एका बाजूला घासू लागतो. स्पोक कमी-जास्त ताणूनही आउट निघाला नाही तर मेकॅनिक रिम बदलायला सांगतो. ही काही अंधश्रद्धा नव्हे. तिच्यामागे धातूचा स्वभाव आहे. रिमसाठी वापरला जाणारा ६०६१ जातीचा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू सुमारे ०.४ टक्के ताणला गेला की कायमचा वाकू लागतो, आणि तुटण्यापूर्वी साधारण दहा टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. या दोन आकड्यांमध्ये भरपूर अंतर असल्यामुळे बसलेल्या माराची खूण आकारातच उमटून राहते. म्हणून ‘वाकडं नाही, म्हणजे मोठी इजा नाही’ हे अनुमान अ‍ॅल्युमिनियमपुरतं बहुतेक वेळा बरोबर येतं.

कार्बनच्या बाबतीत ते पहिल्याच पायरीला कोसळतं. रिममधलं कार्बन म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तंतूंचे थर आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन. टी-७०० या बहुप्रचलित जातीचा तंतू सुमारे २ टक्के ताणला की तुटतो. पण तोवर ओझं काढताच तो मूळ लांबीवर परत येतो. वाकून तसंच राहण्याचा मधला टप्पाच त्याला नाही. त्यामुळे खड्ड्याच्या कडेवर रिम क्षणभर दबते आणि उसळून पूर्ववत होते. आघाताची उरलेली ऊर्जा रेझिनला बारीक तडे पाडण्यात, थर एकमेकांपासून सोडवण्यात आणि काही तंतू तोडण्यात खर्ची पडते. आकार मात्र जागच्या जागी असतो. शिवाय चाक सरळ आहे की नाही, हे मुख्यतः दोन्ही बाजूंच्या स्पोकच्या ताणातल्या समतोलावर ठरतं. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा थर सुटला तरी त्या समतोलात फरक पडेलच असं नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत हा अव्याप्तीचा दोष आहे: धोका असलेली कित्येक चाकं या लक्षणात बसतच नाहीत. उलट बाजूने मात्र ही कसोटी उपयोगी आहे. काल सरळ असलेलं चाक मार लागल्यावर डुलू लागलं, तर इजेचा तो पक्का पुरावा. न डुलण्यातून काहीच सिद्ध होत नाही.

‘कार्बन पोलादापेक्षा मजबूत, एवढ्याशा तड्याने काय होणार?’ हा पूर्वपक्षाचा दुसरा आधार. ही मजबुती मोजली जाते ती तंतू ओढून. रिमचं सारं आयुष्य मात्र दाबाखाली जातं. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात चाकाकडे पूर्वताणित रचना म्हणून कसं पाहायचं, ते उलगडून दाखवलं. सगळे स्पोक रिमला सतत हबकडे खेचत असतात आणि रिम त्या खेचण्याला घेरातल्या दाबाने तोंड देते. हिशेब अवघड नाही. २४ स्पोक, प्रत्येकात सरासरी १,००० न्यूटन ताण. या बेरजेला पायच्या (π) दुपटीने, म्हणजे ६.२८ ने भागलं, की रिमच्या प्रत्येक छेदावर सुमारे ३,८०० न्यूटन दाब येतो. म्हणजे जवळजवळ ३९० किलो वजनाएवढा, आणि तोही सायकल भिंतीला टेकून उभी असताना. स्वार बसल्यावर जमिनीलगतचा भाग किंचित सपाट होतो, तेव्हा टायरकडच्या बाजूवर त्या दाबात आणखी भर पडते.

दाबाखाली काम करणाऱ्या अशा भागाला सुटलेला थर सर्वांत महागात पडतो. एकसंध भिंत पूर्ण जाडीने दाब सोसते. मधला जोड सुटला की पातळ झालेले थर वेगवेगळे फुगून बाहेर येऊ पाहतात. आणि फुगण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. जाडी निम्मी झाली तर ताठपणा अष्टमांशावर येतो. म्हणूनच विमान-उद्योगात नवं संमिश्र पारखताना नमुन्यावर आधी आघात करतात आणि मग त्याला दाबून किती ताकद उरली ते पाहतात. ओढण्याच्या परीक्षेत उत्तम उतरणारा पदार्थ या परीक्षेत निराशा करू शकतो.

त्यात बोथट आघाताची इजा पृष्ठभागाकडून आत जाताना बहुधा रुंदावत जाते. बाहेर नखाएवढी खूण दिसते आणि मागच्या बाजूला सुटलेल्या थरांचा त्याहून बराच मोठा पट्टा असतो. रिममध्ये ही मागची बाजू पोकळीत असते. टायर चढलेला असताना ती दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ‘जेमतेम दिसणारी आघात-इजा’ असा वेगळा वर्गच विमानशास्त्राने मानला आहे. बाहेरून पाहून समाधान मानणाऱ्याने एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

मग वाजवून पाहण्याचं काय? मडकं वाजवून घेण्याची आपली रीत शहाणपणाची आहे, आणि संमिश्र भाग नाण्याने ठोकून पाहणं ही विमान-दुरुस्तीतलीही मान्य पद्धत आहे. कॉली आणि अ‍ॅडम्स या संशोधकांनी १९८८ मध्ये तिच्यामागचं यांत्रिक कारण मांडलं. थर सुटलेली जागा कमी ताठ असते. तिथे ठोका जास्त वेळ टेकून राहतो आणि त्याचा जोर उतरतो, म्हणून आवाज बद्द येतो. पण पृष्ठभागाजवळचा आणि पुरेसा मोठा दोषच या पद्धतीत सापडतो. खोल किंवा लहान दोष निसटतो. शिवाय रिमची भिंत सगळीकडे सारखी नसते. व्हॉल्वजवळ, सांध्यापाशी, स्पोकच्या भोकांशी जाडी बदलते आणि निरोगी रिमचाही आवाज बदलतो. त्यामुळे एका जागी दोन टिचक्या मारून काहीच कळत नाही. टायर काढावा, पूर्ण घेर बोटा-बोटाच्या अंतराने वाजवावा, आणि दोन स्पोकच्या मधल्या जागेची तुलना तशाच दुसऱ्या जागेशी करावी. बद्द आवाज आला तर संशय पक्का झाला. खणखणीत आला तर ‘इथे मोठा, उथळ दोष सापडला नाही’ एवढंच म्हणता येतं. त्यापलीकडे पाहायचं तर अल्ट्रासाउंड लागतो. ज्या तेजस विमानाची जोडणी २०२५ पासून नाशिकजवळ ओझरलाही होऊ लागली आहे, त्याच्या सांगाड्याचा वजनाने सुमारे ४५ टक्के भाग संमिश्र पदार्थांचा आहे. अशा भागांचा अंतर्भाग कुणी नुसत्या कानावर विसंबून पास करत नाही.

‘तडा फक्त क्लिअर कोटमध्ये आहे’ हे वाक्य खरं असू शकतं, पण ते बहुधा तपासणीआधीच उच्चारलं जातं. वरचा पारदर्शक थर खरोखरच एकटा तडकतो, त्याचे टवके उडतात, खड्यांनी तो खरवडला जातो. संशय कशाने बळावतो, तेही ठरलेलं आहे: रेघ स्पोकच्या भोकातून किंवा रिमच्या कडेतून निघालेली असणं, रेघेभोवती पांढुरका पट्टा दिसणं, अंगठ्याने दाबल्यावर जागा लवणं किंवा करकरणं, कापसाचा बोळा फिरवल्यावर त्याचे धागे अडकणं, आणि आतून बॅटरीच्या उजेडात पाहिल्यावर नेमकी तीच जागा उमटलेली दिसणं. यांतलं एकही लक्षण असेल तर ‘फक्त क्लिअर कोट’ हा बचाव संपला.

आता मुख्य मुद्दा. तडा किती लांब, यापेक्षा तो कुठे आहे आणि त्या जागेला कोणतं काम करायचं आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. रिमची चार ठिकाणं चार वेगळी ओझी वाहतात.

पहिली जागा म्हणजे टायर अडकतो ती कडा. खड्ड्यात टायर पूर्ण दबून रिम जमिनीला भिडते तेव्हा पहिला मार हिलाच बसतो, आणि हवेचा ताणही हिलाच सोसावा लागतो. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५ बार हवा असेल तर टायरच्या कापडात दर मिलिमीटर लांबीला सुमारे ७ न्यूटन ताण असतो. ६२२ मिलिमीटर व्यासाच्या घेरावर ही बेरीज एकेका बाजूला १,४०० किलो वजनाच्या घरात जाते. त्यातला काही भाग टायरच्या बीडमधली, म्हणजे रिमला धरणाऱ्या किनारीतली, दोरी पेलते, उरलेला कडेला बाहेर ढकलतो. ही कडा तडकली असेल तर चाक कितीही सरळ फिरो, टायर निघण्याची वाट मोकळी झालेली असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर शर्यतीत थॉमस डे गेंट या सायकलपटूचं चाक दगडावर आदळलं, हवा गेली, टायर रिमवरून सुटला आणि तो पडला. कडेला आकडा (हूक) नसलेल्या रिमांबद्दलचा वाद त्यानंतर पेटला. अशा रिमांना हवेची ५ बारची मर्यादा घातलेली आहे ती उगाच नव्हे. तिथे टायर धरून ठेवण्याची जबाबदारी बीड आणि सरळ भिंतीवरच असते.

दुसरी जागा स्पोकच्या भोकांची. एकेक भोक १०० ते १२० किलोच्या ताणाने सतत हबकडे खेचलं जातं, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जमिनीजवळ येताना तो ताण उतरतो, वर जाताना पुन्हा चढतो. भोकाभोवती निघालेली रेघ म्हणूनच स्वस्थ बसत नाही. एखाद्या स्पोकचा ताण परत परत ढिला पडत असेल, स्पोक रिमला जोडणारं निपल रिममध्ये रुतत चाललं असेल, तर आउट काढून समाधान मानू नये. बांधणीतला दोष वगळला की संशय रिम खचत असल्याचाच येतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत याच जागी आणखी एक दुखणं संभवतं. कार्बनला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं निपल ओल आणि मीठ मिळताच विद्युत-रासायनिक क्रियेने खंगतं. पांढरी भुकटी दिसली तर निपल बदलावं, आणि भोकाची कडा तपासूनच नवं घालावं.

तिसरी जागा रिम-ब्रेकची पट्टी. ८५ किलोचा स्वार-सायकलचा जोड ६०० मीटर उंचीचा घाट उतरतो तेव्हा सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. काही वारा घेतो, बरीचशी ब्रेक घेतात. अ‍ॅल्युमिनियम ही उष्णता भराभर पसरवतं. रेझिनने बांधलेलं कार्बन ती जागीच कोंडतं. रेझिन मऊ पडलं की आतली हवा भिंतीला बाहेर फुगवते. ही इजा तड्याच्या रूपात दिसेलच असं नाही. ब्रेक लावताना ठराविक जागी धक्का जाणवणं आणि व्हर्निअर कॅलिपरने मोजल्यावर त्या जागी रुंदी वाढलेली असणं, या तिच्या खुणा. डिस्क-ब्रेकच्या चाकांना हे भय नाही.

चौथी जागा बाजूच्या भिंतीचा मधला, खोल भाग. चारांत कमी जोखमीचा हाच. पडल्यावर रस्त्याला घासून आलेले बहुतेक ओरखडे इथे असतात आणि पुष्कळदा ते खरोखरच वरवरचे निघतात. पण घेरातला दाब या भिंतीलाही वाहावा लागतो, म्हणून तंतूपर्यंत पोचलेली किंवा थर सुटलेली इजा इथेही माफ नाही.

एवढं वाचून कुणी दुसऱ्या टोकाला जाईल: कार्बन पूर्वसूचना न देता तुटतं, तेव्हा ओरखडा दिसला की चाक भंगारात. हे मत सावधपणाचा वेष घेतं, पण तर्काच्या दृष्टीने त्यात अतिव्याप्तीचा दोष आहे. निर्दोष चाकांनाही ते दोषी ठरवतं. अचानक तुटणं ही एकट्या कार्बनची मिरासदारी नाही. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत सायकलपटू जॉर्ज हिंकापीच्या सायकलचा स्टिअरर, म्हणजे हँडल पेलणारी नळी, तुटून तो कोसळला, तो स्टिअरर अ‍ॅल्युमिनियमचा होता. त्याच शर्यतीत आधी झालेल्या पडझडीत त्या स्टिअररला इजा झाली होती. ‘एकदा दुखावलं की कार्बन कायमचं निकामी’ हेही खरं नाही. जुलै २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर इथिओपियन एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ ला आग लागून संमिश्र सांगाड्याचा मागचा भाग जळाला. ते विमान दुरुस्त होऊन २०१४ च्या अखेरीस पुन्हा उडू लागलं. अमेरिकेच्या विमान-वाहतूक प्रशासनाने २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात संमिश्र भागांच्या इजेचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गातली, न सापडणारी किंवा चालवून घेण्याजोगी इजा असतानाही भागाने पूर्ण ओझं पेललं पाहिजे, अशी अट आहे. पाचव्या वर्गात आखणीच्या हिशेबाबाहेरचे अपघात येतात, उदाहरणार्थ एखादं वाहन विमानावर आदळणं. तिथे जे घडलं ते लपवता कामा नये, हीच पहिली अपेक्षा.

म्हणजे इजा सोसण्याची शक्ती ही आखून, मोजून मिळवलेली गोष्ट आहे. विमानाच्या तंत्रज्ञाकडे कोणत्या जागी किती इजा चालेल याचं कोष्टक असतं. सायकलस्वाराच्या हाती रिमचं असं कोष्टक नसतं. थर किती, कोणत्या दिशेने, राखीव ताकद किती, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. रिमला दुरुस्तीचं ठिगळ लावण्याबद्दलही म्हणूनच सावध राहावं. फ्रेमची नळी तासून, नवे थर चढवून नीट दुरुस्त करणारे कारागीर आहेत, पण त्यांतले बरेच जण रिम हातात घेत नाहीत. कडेचं माप थोडं चुकलं तरी टायर नीट बसत नाही, आणि ब्रेकच्या पट्टीवर नव्या रेझिनला उष्णताही सोसावी लागते.

‘आदळल्यावर शंभर किलोमीटर चालवलं, काही झालं नाही’ ही पूर्वपक्षाची शेवटची ढाल. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर असतो. शंभर किलोमीटरमध्ये प्रत्येक भोकाचा ताण सुमारे ४७ हजार वेळा उतरतो-चढतो. डेक्कन क्लिफहँगर या सायकल-शर्यतीच्या पुणे-गोवा ६४३ किलोमीटरमध्ये तीन लाखांहून अधिक वेळा. ओढताना कार्बनचे तंतू थकव्याला चांगलेच पुरून उरतात, पण सुटलेला थर दाबाखाली आवर्तना-आवर्तनाने पसरू शकतो. शंभर किलोमीटर टिकणं म्हणजे इजा नसणं नव्हे. ते तिला वाढायला दिलेली मुदतही असू शकते. ‘शंका आहे, तर मागे लावू’ ही पळवाटही फसवी. मागच्या चाकावर वजन जास्त असतं आणि साखळीकडच्या स्पोकचा ताण सर्वांत चढा असतो. पुढचं चाक गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही, एवढाच फरक.

तेव्हा सिद्धान्त असा. टायर आणि रिमवरची टेप काढून आतून-बाहेरून पाहिल्याशिवाय कोणताही निकाल देऊ नये. टायरच्या कडेला, स्पोकच्या भोकाशी किंवा ब्रेकच्या पट्टीवर तंतूपर्यंत गेलेली इजा असेल, तर चाक बाद. तिथे चर्चा नाही. बाजूच्या भिंतीवर नुसता वरचा थर गेला असेल, आतली बाजू स्वच्छ असेल, दाबून आणि वाजवून काही वेगळं जाणवत नसेल, तर चाक वापरावं. मात्र रेघेच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहावी, फोटो ठेवावा, आणि काही फेऱ्यांनंतर पुन्हा पाहावं. रेघ खुणेपलीकडे गेली की तेही बाद. या दोहोंच्या मधल्या चाकांसाठी बनवणाऱ्याकडून किंवा अल्ट्रासाउंडने तपासणी करून घ्यावी. ती शक्य नसेल तर शंकेचा फायदा चाकाला नको, स्वाराला मिळावा. बरेच उत्पादक अपघातात गेलेल्या चाकाच्या बदल्यात सवलतीत नवं देतात. खरेदीची पावती त्यासाठी जपून ठेवावी.

आणि एक विनंती. बाद ठरवलेलं चाक ‘सरळ फिरतं’ म्हणून स्वस्तात विकू नका. स्पोक सोडवून, तोंडाला मास्क बांधून आणि जागा ओली ठेवून रिम करवतीने दोन ठिकाणी कापा, मगच टाका. जुनं चाक घेणाऱ्यांनीही ते फिरवून दाखवा म्हणण्याऐवजी टायर उतरवून दाखवा म्हणावं, आणि विकणारा त्याला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.